समुपदेशकाची वही आणि कोर्टाची पायरी

"डॉक्टर, एवढे मात्र कागदावर लिहू नका." माझ्या दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतेच. मधुमेहाचा किंवा दम्याचा रुग्ण असे कधी म्हणत नाही. असे म्हणतात ते झोप उडालेले, मन खचलेले, दारूच्या आहारी गेलेले, आणि त्यातही ज्यांच्या संसारात बेबनाव झाला आहे असे स्त्री-पुरुष. आज विश्वासाने जे सांगितले तेच उद्या समोरच्या पक्षाचा वकील न्यायाधीशांसमोर वाचून दाखवील, ही त्यांची भीती असते. ही भीती अगदीच निराधार नाही. पण लोक समजतात तेवढी ती मोठीही नाही. म्हणून घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा अशा वादांत उपचाराच्या व समुपदेशनाच्या कागदांचे काय होते, ते आजच्या लेखात पाहू.

या भीतीची किंमत काय पडते ते आधी सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका तरुण स्त्रीला दुसऱ्या बाळंतपणानंतर उदासीनतेचा आजार झाला. हा आजार पुष्कळ बाळंतिणींना होतो आणि योग्य उपचारांनी तो बराही होतो. गोळ्या आणि समुपदेशन यांनी तिलाही चांगला उतार पडला होता. पुढे सासरी खटके उडाले, ती दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली आणि प्रकरण कोर्टात गेले. तेव्हा भावकीतल्या कुणीतरी तिला सांगितले, "डोक्याच्या गोळ्या चालू आहेत हे कळले तर मुले नवऱ्याकडे जातील." तिने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या आणि दवाखान्यात येणेही सोडले. दीड महिन्याने तिचा भाऊ तिला घेऊन आला तेव्हा तिची झोप गेली होती, अन्नावरची वासना उडाली होती आणि धाकटे मूल रडत असले तरी ती त्याला जवळ घेत नव्हती. ज्या मुलांसाठी तिने आजार लपवला, त्यांनाच सांभाळण्याची शक्ती त्या लपवण्याने हिरावून घेतली होती. उपचार पुन्हा सुरू झाल्यावर ती सावरली. पण ते दोन-तीन महिने त्या घराने जे सोसले, ते टळण्यासारखे होते.

कागद फुटतो कुठून?

लोकांचा समज असा की दवाखान्यातून कागद फुटतात. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा कागद घरातूनच फुटतो. औषधाची चिठ्ठी कपाटात असते, गोळ्यांची पाकिटे उशाशी असतात, डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत असते. संसार सुरळीत असतो तोवर त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वाद सुरू झाला की तीच चिठ्ठी मोबाइलवर टिपली जाते आणि अर्जाला जोडली जाते. दारू सोडण्यासाठी उपचार घेणाऱ्या एका गृहस्थांच्या चिठ्ठीचे असेच झाले. ते स्वतःहून दारू सोडायला आले होते, याचा त्या अर्जात उल्लेखही नव्हता.

कागदांचे प्रकार वेगवेगळे आहेत हेही ध्यानात घ्यावे. केसपेपरवर रुग्णाची तक्रार, तपासणी, निदान आणि औषधे यांची थोडक्यात नोंद असते. समुपदेशकाच्या वहीत मात्र मनातले असते. कुणावर किती राग आहे, लग्नाआधी काय घडले, एखाद्या रात्री जिवाचे बरेवाईट करावे असे कसे वाटले, हे सारे तिथे असते. पहिला कागद दुसऱ्या डॉक्टरला पुढील उपचारासाठी लागतो. दुसरी वही शक्यतो समुपदेशकाजवळच राहायला हवी. म्हणून जाणते समुपदेशक या दोन नोंदी एकत्र ठेवीत नाहीत आणि वहीत उपचाराला आवश्यक तेवढेच लिहितात. "तुम्ही काय लिहून ठेवता आणि ते कुठे ठेवता?" असे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. विचारण्यात काहीही गैर नाही.

डॉक्टरांवर कोणते बंधन आहे?

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केले. त्यांनुसार व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करायचे नाही. अपवाद तीन. न्यायाधीशांचा आदेश असेल तर न्यायालयात. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा. आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या बाबतीत. या तिन्हींत नवरा, सासू, सासरा, मेहुणा किंवा गावचे पुढारी यांचे नाव कुठेही नाही.

मानसिक आजारासाठी तर वेगळा कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपला आजार आणि उपचार गुप्त राखले जाण्याचा हक्क आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या सर्व आरोग्य व्यावसायिकांवर हे बंधन आहे. इथेही अपवाद आहेत. पुढील उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला माहिती देता येते. रुग्णाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची भीती असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर माहिती देता येते. दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यासाठी सांगायचे तेव्हाही त्या धोक्यापुरतेच सांगायचे, सारा इतिहास नव्हे. आणि उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, कायद्याने नेमलेले मंडळ किंवा तसा अधिकार असलेल्या अन्य प्राधिकरणाचा आदेश झाला, तर माहिती द्यावी लागते.

आणखी एका अपवादाकडे आमच्या वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. या कायद्यात "नामनिर्देशित प्रतिनिधी" नावाची व्यक्ती असते. रुग्णाच्या वतीने उपचाराबाबत मदत करणारा हा माणूस. त्याला त्याचे काम करण्यापुरती माहिती देता येते. रुग्णाने असा कुणी नेमलाच नसेल तर ते काम नातेवाइकाकडे येऊ शकते, आणि विवाहित माणसाच्या बाबतीत तो नातेवाईक बहुधा पती किंवा पत्नी असतो. संसारात वाद असेल तर हे अडचणीचे ठरते. उपाय सोपा आहे. साध्या कागदावर आपल्या विश्वासातल्या सज्ञान व्यक्तीचे नाव लिहून सही किंवा अंगठा केला की ती आपली प्रतिनिधी होते. बहीण, भाऊ, मैत्रीण, कुणीही चालेल. पूर्वी नेमलेले नाव पुढे बदलताही येते. आणि एक गोष्ट स्पष्ट आहे. प्रतिनिधीला दिलेली माहिती उपचारासाठी असते, वकिलाच्या फाइलीत लावण्यासाठी नव्हे.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे

अशी नोटीस अधूनमधून आमच्यासारख्या डॉक्टरांच्या टेबलावर येते. "माझ्या अशिलाच्या पत्नीवर आपण केलेल्या उपचारांचे सर्व कागद सात दिवसांत द्यावेत." भाषा करडी असली तरी हा आदेश नव्हे. रुग्णाने स्वतः मागितले किंवा लेखी संमती दिली, तर गोष्ट वेगळी. त्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेले कागद डॉक्टरने ७२ तासांत द्यायचे असतात. पण पत्नीचे कागद पतीला किंवा पतीचे पत्नीला, केवळ नाते आहे म्हणून मिळत नाहीत.

न्यायाधीशांनी आदेश दिला तर मात्र डॉक्टरला कागद घेऊन हजर व्हावेच लागते. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात खास संरक्षण आहे. जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही ते कायम आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या बोलण्याला तसे संरक्षण नाही. त्यातून कुटुंब न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ ने मोकळीक दिली आहे. वाद नीट सोडवायला उपयोगी पडेल असे वाटले तर एरवी पुराव्यात न बसणारा कागदही ते न्यायालय पाहू शकते. तेव्हा कुणी समुपदेशक "इथले काहीही कधीच बाहेर जाणार नाही" असे छातीठोकपणे सांगत असेल, तर तो पुरते सांगत नाही. कुलूप भक्कम आहे. पण एक किल्ली न्यायाधीशांकडे असते, हे खरे उत्तर.

तरीही डॉक्टरच्या हातात काही असते. कागद बंद लिफाफ्यात सादर करता येतात. वादाशी संबंध असलेला भाग तेवढाच पाहावा, अशी विनंती न्यायाधीशांना करता येते. रुग्णाच्या वकिलालाही तशी हरकत घेता येते. शिवाय अशा खटल्यांचे कामकाज बंद दाराआड चालवता येते. कुटुंब न्यायालयात दोघांपैकी एका पक्षाने तशी इच्छा दर्शवली की ते तसे चालवावेच लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तर अशा कामकाजाची माहिती छापून प्रसिद्ध करणे हाही गुन्हा आहे.

कोर्टातला समुपदेशक आणि आपला समुपदेशक

या दोघांत लोकांची फार गल्लत होते. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत कुटुंब न्यायालय असावे असे कायदा सांगतो. इतर ठिकाणीही शासन ते स्थापन करू शकते. जिथे ते नाही, तिथे हे दावे दिवाणी न्यायालयात चालतात. कुटुंब न्यायालयात समुपदेशक नेमलेले असतात. पती-पत्नींना एकत्र बसवून समेट होतो का, निदान सामोपचाराने वेगळे होता येते का, हे पाहणे त्यांचे काम.

महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांच्या नियमांनुसार या समुपदेशकापुढे केलेली विधाने आणि त्याची टिपणे गोपनीय मानली जातात. दोन्ही पक्षांची संमती असल्याखेरीज ती उघड करायला त्याला सांगता येत नाही. हे योग्यच आहे. "माझेही थोडे चुकले" एवढे कबूल केल्याशिवाय समेट होत नाही, आणि ती कबुलीच उद्या पुरावा होणार असेल तर तोंड उघडणार कोण?

मात्र मुलांचा प्रश्न आला की चित्र बदलते. घरातले वातावरण कसे आहे, आईवडिलांचे स्वभाव कसे आहेत, मुलाचा ओढा कुणाकडे आहे, याबद्दलचा अहवाल समुपदेशक न्यायाधीशांना देऊ शकतो. दिल्लीतील एका प्रकरणात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मध्यस्थीतले बोलणे गुप्त असते, मग समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल वापरता येईल का, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निर्णय दिला की ताब्याच्या प्रकरणात असा अहवाल पाहता येतो. कारण उघड आहे. तिथे न्यायालय आईची बाजू किंवा बापाची बाजू पाहत नसते. मुलाचे हित पाहत असते, आणि मूल काही स्वतःचा वकील लावू शकत नाही.

म्हणून समुपदेशकासमोर बसल्यावर पहिला प्रश्न विचारावा: "तुम्ही उपचारासाठी आहात, समेटासाठी आहात, की न्यायाधीशांना अहवाल देण्यासाठी?" तिन्ही कामे चांगली आहेत, पण गुप्ततेचे नियम तिन्हींचे वेगळे आहेत. खोटे कुठेच बोलू नये. कुठे बोलतो आहोत एवढे माहीत असावे.

निदान म्हणजे निकाल नव्हे

आता या भीतीच्या मुळाशी जाऊ. समजा, कागद न्यायालयात गेलाच. मग सारे संपले का? मुळीच नाही.

"ठाण्याला न्या, येरवड्याला न्या" असे टोमणे मारणाऱ्यांना वाटते की मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी म्हणजे घटस्फोटाचा परवाना. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे हे खरे. पण तो विकार अशा स्वरूपाचा आणि इतका असला पाहिजे, की जोडीदाराने त्या व्यक्तीबरोबर राहावे अशी रास्त अपेक्षाच करता येणार नाही. नुसते आजाराचे नाव पुरत नाही, तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. २०१३ साली अशाच एका प्रकरणात पतीची घटस्फोटाची मागणी त्या न्यायालयाने मान्य केली नाही. त्यातली पत्नी स्वतः डॉक्टर होती आणि आपली नोकरी नीट करीत होती. इतक्या गंभीर आजाराबाबत जर हे धोरण, तर उदासीनता, चिंता किंवा निद्रानाश यांच्या गोळ्यांनी एवढे घाबरून का जावे?

२०१७ च्या कायद्याने तर दोन गोष्टी लिहूनच ठेवल्या आहेत. एक, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कुणाला वेडसर ठरवता येत नाही. ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. दोन, कलम १०५ प्रमाणे एका पक्षाने मानसिक आजाराचा पुरावा पुढे केला आणि दुसऱ्याने त्याला हरकत घेतली, तर न्यायालयाने तो विषय मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचा असतो. म्हणजे कुठून तरी मिळवलेल्या एका चिठ्ठीवर कुणाचे आयुष्य ठरू नये, अशी सोय आहे. न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते हे २००३ च्या एका निकालाने ठरले. पण मागणाऱ्याजवळ सकृद्दर्शनी भक्कम आधार असला पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. असा आदेश झाल्यावर तपासणी टाळू मात्र नये. टाळणाऱ्याविरुद्ध न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते.

मुलांच्या ताब्याच्या वेळीही प्रश्न "आजार आहे का" एवढाच नसतो. "मुलाचे नीट होईल का" हा असतो. नियमित उपचार घेणारी, वेळेवर तपासणीला येणारी आई किंवा बाप हा जबाबदार माणूस असतो, आणि केसपेपरवरच्या तारखाच ते सांगतात. उलट मध्येच उपचार सोडलेल्या माणसाची बाजू आजाराने नव्हे, सोडलेल्या उपचाराने लंगडी होते. मारहाण सोसलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर तीच नोंद तिच्या उपयोगी पडते. कोणत्या तारखेला कोणत्या जखमा होत्या आणि तिने काय सांगितले, हे त्यात असते. गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. आपल्या भल्यासाठी स्वतःचा कागद पुढे करण्याचा हक्कही त्याचाच.

दोघे एकत्र आले असतील तर

पती-पत्नी जोडीने समुपदेशनाला येतात तेव्हा वही एक आणि माणसे दोन. अशा वेळी एकट्याने सांगितलेले दुसऱ्याला सांगायचे की नाही, आणि पुढे एकाने नोंद मागितली तर काय करायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून घ्यावे. मोबाइल बाहेर ठेवावेत हेही त्यातच ठरवावे. पती-पत्नींमधील गुपचूप टिपलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले. त्या निकालात समुपदेशनाच्या खोलीचा प्रश्न नव्हता. पण खिशातले यंत्र चालू ठेवून बसलेल्या माणसाचे मन काही मोकळे होत नाही, आणि समोरच्याचेही होत नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१) कोर्टात वाद चालू आहे हे डॉक्टरांना आणि समुपदेशकांना सांगा. त्यांना नोंद जपून ठेवता येते आणि नेमकी लिहिता येते.

२) जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, तपासण्या आपल्या ताब्यात ठेवा. मोबाइलवरून कुणालाही पाठवू नका.

३) नामनिर्देशित प्रतिनिधी विश्वासातला निवडा आणि तो कागद डॉक्टरांकडे देऊन ठेवा.

४) कुठल्याही संमतिपत्रावर सही करण्याआधी कोणती माहिती, कुणाला आणि कशासाठी दिली जाणार ते वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

५) आपल्या वकिलाला आजाराची खरी माहिती द्या. त्याच्याशी झालेले बोलणे कायद्याने सुरक्षित असते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत मदत मिळते. दूरध्वनी क्रमांक १५१००.

६) गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दवाखान्यात येणे अवघड असेल तर १४४१६ या टेलि-मानस सेवेवर बोला.

दोन्हीकडच्या नातेवाइकांनाही एक विनंती आहे. दावा जिंकण्यासाठी सुनेची किंवा जावयाची चिठ्ठी शोधत कपाटे उचकटू नका. त्या चिठ्ठीवर ज्याचे नाव आहे तो आपल्या नातवंडांची आई किंवा बाप आहे. तो बरा राहिला तरच ती मुले सुखाने वाढणार आहेत, मग ती कोणत्याही घरी राहोत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण कधी कधी शहाण्यालाही ती चढावी लागते. चढताना मन आणि शरीर धड असावे, यासाठी दवाखान्याची पायरी मात्र सोडू नये.